ई-सायकलचा पॅक शून्य व्होल्ट दाखवतोय. मेला की बीएमएसने अडवलाय?

कृष्णाकाठ · १६ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितोय. माझी ई-सायकल चार वर्षं जुनी आहे. बॅटरीवर ४८ व्होल्ट, १० अँपियर-तास असं छापलंय. पावसाळ्यात सायकल चालवत नाही, म्हणून पॅक काढून माळ्यावर ठेवला होता. गणपती उठल्यावर खाली काढला तर डिस्प्ले पेटेना. चार्जर लावला तर त्याचा दिवा हिरवाच, लाल होतच नाही. मल्टिमीटर लावला तर ०.० व्होल्ट.

दुकानदार म्हणतो पॅक गेला, नवीन घ्या. किंमत सायकलच्या निम्मी! वर "आत बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) असतो, तो लॉक झाला की काही करता येत नाही" असंही म्हणाला. हा बीएमएस नक्की करतो काय? आणि वापरलीच नाही तर बॅटरी मरते कशी? इलेक्ट्रॉनिक्स बारावीपुरतं येतं, त्यामुळे समजेल असं सांगा, पण बाळबोध नको.

आगाऊ कार्टं · १६ सप्टेंबर, रात्री ९:५२

काम न करता मेली म्हणजे सरकारी बॅटरी असणार. बसतो इथेच, जाणकार येतीलच.

डाग_सोल्डरचा · १६ सप्टेंबर, रात्री ११:१५

मी भोसरीत पॅक दुरुस्तीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शून्य ऐकून मला उलट बरं वाटलं. ४८ व्होल्टचा पॅक म्हणजे आत बहुतेक १३ गट एकापुढे एक जोडलेले असतात. एकेका गटात तीन-चार सेल समांतर. सेल १८६५० मापाचे, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. समांतर जोडलेले सेल एका मोठ्या सेलसारखेच वागतात, त्यामुळे हिशेब गटांचा करायचा. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) रसायनाचा गट भरला की ४.२ व्होल्ट, रिकामा झाला की साधारण ३. तेरा गटांचे मिळून भरलेला पॅक ५४.६ आणि रिकामा ३९.

आता माळ्यावर पडून सगळे गट पार २ व्होल्टवर आले असं धरा. तरी मीटरवर २६ दिसायला हवेत. तेराच्या तेरा गट एकदम शून्यावर येणं जवळजवळ अशक्य. शून्य दिसतंय म्हणजे सेल आणि तुमच्या मीटरची टोकं यांच्यामधला रस्ता कुठेतरी तुटलाय. फ्यूज उडाला असेल, वायर निघाली असेल किंवा बीएमएसने तो मुद्दाम तोडला असेल. दुकानदाराने बाहेरच्या टर्मिनलवर मीटर लावून निकाल दिला, आत बघितलंच नाही.

बीएमएस म्हणजे सेलांच्या कडेला चिकटवलेला, तळहाताएवढा एक बोर्ड. सेलांची उणे बाजू त्याच्या 'बी-उणे' टोकाला येते आणि 'पी-उणे' टोकातून बाहेर सायकलकडे जाते. दोन्हींच्या मध्ये मॉसफेटच्या रांगा असतात. हे स्विच आहेत, फक्त त्यात हलणारा भाग नाही. रांगा दोन असतात आणि एकमेकींकडे पाठ करून. मॉसफेटच्या अंगातच एक डायोड असतो, तो बंद अवस्थेतही एका दिशेने करंट जाऊ देतो. त्यामुळे दोन्ही दिशा अडवायच्या तर दोन लागतात. एक रांग डिस्चार्ज थांबवते, दुसरी चार्जिंग. पॅक रिकामा झाल्यावर बीएमएस सायकल बंद करतो, तरी चार्जर चालतो, तो यामुळे.

बोर्डावर बारीक वायरींचा एक कनेक्टर असतो. तेरा गटांसाठी चौदा वायरी, प्रत्येक जोडावर एक. यातून तो प्रत्येक गटाचं व्होल्टेज वेगळं मोजतो. बाकी बोर्ड कितीही स्वस्त असो वा महाग, खरं काम या चौदा वायरींवर चालतं.

कारण बीएमएस पॅकचं एकूण व्होल्टेज बघून निर्णय घेत नाही, सगळ्यात कच्चा गट बघून घेतो. बारा गट ३.५ वर आहेत आणि एक २.७ वर घसरलाय, तर एकूण ४४.७ व्होल्ट दिसतील. बाहेरून वाटेल अजून बरीच शिल्लक आहे. बीएमएस तरीही बंद करणार, कारण त्या एका गटातून आणखी काढलं तर तो कायमचा खराब होतो. चार्ज करताना हेच उलट. एक गट ४.२५ ला पोचला की चार्जिंग बंद, मग बाकीचे बारा ४.०५ वर अर्धपोटी राहिले तरी चालतील.

उद्या पुढचं लिहितो. तोवर कृष्णाकाठ, पॅक कुठे फुगलाय का, गोडसर सॉल्व्हंटसारखा वास येतोय का, एवढं बघा. तसं असेल तर तो घराबाहेर ठेवा आणि उघडू नका.

कृष्णाकाठ · १७ सप्टेंबर, सकाळी ७:३०

फुगलेला नाही, वासही नाही. इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार! म्हणजे घरातल्या एमसीबीसारखंच झालं ना हे?

डाग_सोल्डरचा · १७ सप्टेंबर, सकाळी ९:०५

थोडंफार. पण एमसीबी फक्त करंट बघतो. बीएमएस गटागटाचं व्होल्टेज, करंट आणि तापमान तिन्ही बघतो. करंट मोजायला शंट असतो, म्हणजे अतिशय कमी रोधाची पट्टी. समजा १ मिलिओहम. २० अँपियर गेले की तिच्यावर २० मिलिव्होल्ट पडतात, तेवढ्यावरून करंट कळतो आणि ती तापते जेमतेम ०.४ वॉटने. शॉर्ट झालं तर एक हजारांश सेकंदाच्याही आत मॉसफेट बंद.

जुगाडनाथ · १७ सप्टेंबर, सकाळी १०:२०

एवढं पुराण कशाला? बी-उणे आणि पी-उणे यांच्यामध्ये एक जाड वायर मारा, बीएमएस बायपास. चार्जर लावा, रात्रभर ठेवा, सकाळी सायकल पळतेय. आमच्या गल्लीत असे कित्येक पॅक उठवलेत. बीएमएस हा कंपन्यांचा धंदा आहे, लॉक करा आणि नवीन विका.

डाग_सोल्डरचा · १७ सप्टेंबर, सकाळी ११:००

>>> रात्रभर ठेवा, सकाळी सायकल पळतेय

नाथभाऊ, आकडेमोड करून बघू. चार्जर आंधळा असतो, त्याला एकूण ५४.६ एवढंच ठाऊक. समजा कृष्णाकाठांचा एक गट १.३ व्होल्टवर गेलाय आणि आतून थोडा शॉर्ट असल्यामुळे तो वर चढतच नाही. चार्जर ५४.६ होईपर्यंत ढकलत राहणार. ५४.६ मधून १.३ गेले, उरले ५३.३, आणि ते वाटले जाणार बारा गटांत. प्रत्येकाला ४.४४ व्होल्ट. कमाल आहे ४.२. ही ओव्हरचार्जिंगची गोष्ट आहे आणि ती रात्री, सगळे झोपलेले असताना, घराच्या आत चाललेली असणार. बीएमएस असता तर पहिला गट ४.२५ ला गेल्या गेल्या त्याने तोडलं असतं.

दुसरी गोष्ट अशी की लिथियम सेल २ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला तर उणे बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुन्हा चार्ज केलं की ते तांबं आत नको तिथे साठतं आणि शॉर्टची वाट तयार होते. असा सेल चार्ज होतो, चार दिवस नीट चालतोही. म्हणून 'उठवलेला' पॅक आज चालला याचा अर्थ तो बरा आहे असा नाही.

लॉक करून नवीन विकण्याचे प्रकार होतात, ते मी नाकारत नाही. लॅपटॉपच्या बॅटऱ्यांबद्दल खाली कोणी विचारलं तर लिहीन. पण सायकलच्या या साध्या बोर्डात तेवढी अक्कलच नसते.

जुगाडनाथ · १७ सप्टेंबर, सकाळी ११:१२

४.४४ चा हिशेब पटला. पण बेंच सप्लायवरून (व्होल्ट-करंट हवा तसा लावता येणारा टेबलावरचा सप्लाय) कमी करंटने चार्ज केलं तर?

डाग_सोल्डरचा · १७ सप्टेंबर, सकाळी ११:३०

अख्ख्या पॅकला नाही. फक्त त्या गटाला, समोर बसून, मीटर लावून, आणि तो २ च्या वर असेल तरच.

वऱ्हाडी ठेचा · १७ सप्टेंबर, दुपारी १:४५

आमचं उलटंच आहे भाऊ. चंद्रपूरले राहतो. मे महिन्यात ऑफिसातून घरी आलो अन् स्कूटर चार्जिंगले लावली की ती चार्जच होऊन नाई राहिली. दोन तासानं आपोआप सुरू. सर्व्हिस सेंटरवाला म्हणे काही फॉल्ट नाही. उन्हाळा गेला, तक्रार गेली. हे बी बीएमएसचंच काय?

डाग_सोल्डरचा · १७ सप्टेंबर, दुपारी २:३०

शंभर टक्के. सेलांच्या मध्ये थर्मिस्टर खोचलेले असतात, तापमान वाढलं की यांचा रोध कमी होतो. बहुतेक लिथियम सेलांना डिस्चार्जसाठी ६० अंशांपर्यंत चालतं, पण चार्जिंगसाठी ४५ च. तुमच्याकडे हवाच ४५-४६ अंश, वर उन्हात उभी केलेली गाडी आणि नुकतंच चालवल्याने सेलांची स्वतःची उष्णता. तो थांबणारच. गाडी सावलीत लावा, तासाभराने चार्जर जोडा. रात्री उशिरा लावलं तर अजून चांगलं.

इझारकाठ · १७ सप्टेंबर, दुपारी ४:१०

कृष्णाकाठ, आयडी बघून दचकलेच, मी म्युनिकला इझार नदीच्या काठी! आमच्याकडे हाच प्रश्न थंडीत येतो. ई-बाइक बाहेर उणे पाचमध्ये उभी असली की पॅक चार्ज घेत नाही. इथे दुकानात सांगतात की पॅक घरात आणा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग लावा. शून्याखाली चार्ज केलं तर नेमकं काय बिघडतं?

निवृत्त_वीजवाला · १७ सप्टेंबर, सायंकाळी ६:००

इझारकाठ ताई, याचं उत्तर मी देतो. चार्ज होताना लिथियमचे आयन उणे बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात. थंडीत हे शिरणं फार मंदावतं. तुम्ही करंट तेवढाच रेटला तर आयन आत जायच्या ऐवजी ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच धातू होऊन बसतात. तो लिथियम बराचसा परत कामाला येत नाही, म्हणजे क्षमता कायमची घटते. शिवाय त्याचे काटे वाढले तर सेलाच्या अधिक आणि उणे बाजूंमधला पडदा भेदून शॉर्ट होण्याची भीती. डिस्चार्ज मात्र शून्याखालीही चालतो, फक्त रेंज कमी मिळते.

अवांतर: ही लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज आपल्या इन्व्हर्टरमध्ये जी लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी येते, तिच्यावरचा १९९७ चा मूळ शोधनिबंध गुडइनफ यांच्याच गटाचा, आणि त्यावर पहिलं नाव आहे ए. के. पाढी. हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून सांगितलं.

चहाटळ · १७ सप्टेंबर, सायंकाळी ६:२५

काका, तुम्ही आलातच तर माझंही बघा. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर (शिसे-आम्लवाल्या) बॅटरीला पाणी घालून कंटाळलो, म्हणून गेल्या वर्षी १२.८ व्होल्ट १०० अँपियर-तासाची एलएफपी बसवली. चालते छान. पण ॲपवरचा टक्का वेड्यासारखा वागतो. ४० टक्के दाखवता दाखवता एकदम १० आणि मग अंधार. बॅटरी खराब निघाली का?

निवृत्त_वीजवाला · १७ सप्टेंबर, रात्री ८:१५

बॅटरी नाही, अंदाज खराब निघाला.

टक्का काढायच्या दोन पद्धती. पहिली व्होल्टेजवरून. एनएमसीमध्ये व्होल्टेज भरलेल्यापासून रिकाम्यापर्यंत सावकाश उतरत जातं, त्यामुळे त्यावरून बरा अंदाज येतो. एलएफपीमध्ये २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत सेल ३.२ ते ३.३ च्या आसपासच रेंगाळतो. जेमतेम दशांश व्होल्टचा फरक, त्यात लोड चालू असेल तर तोही पुसला जातो. म्हणून दुसरी पद्धत वापरतात. शंटमधून किती करंट किती वेळ गेला याची बेरीज-वजाबाकी करत राहायची. खातेवहीच ती. पण प्रत्येक मोजणीत बारीकशी चूक असते आणि ती साठत जाते. शिवाय फार छोटा करंट, तुमच्या राउटरचा म्हणा, काही बोर्डांना दिसतच नाही. महिनाभरात वहीतला शिल्लक आणि प्रत्यक्षातला शिल्लक यांचा मेळ तुटतो.

मेळ बसवायची एकच जागा म्हणजे पूर्ण चार्ज. सेल ३.६५ च्या जवळ गेला आणि करंट आपोआप कमी झाला की बीएमएस म्हणतो, हे १०० टक्के, इथून पुन्हा मोज. तुमचा इन्व्हर्टर तिथवर जातो का बघा. चार सेलांची बॅटरी, म्हणजे पूर्ण चार्ज १४.६ व्होल्ट. इन्व्हर्टर जुन्या सेटिंगवर १३.६-१३.७ ला थांबत असेल तर ती १०० टक्क्यांची खूण कधी उमटतच नाही. आणि इन्व्हर्टरमध्ये ट्युब्युलरसाठीचा १५ व्होल्टच्या वरचा इक्वलायझेशन मोड असेल तर तो मात्र आधी बंद करा. तिथे बीएमएस मध्येच तोडेल आणि तुटल्यावर इन्व्हर्टरला एकदम बॅटरीच नाही असं वाटेल.

चहाटळ · १७ सप्टेंबर, रात्री ८:४०

इन्व्हर्टर १३.७ लाच थांबतोय! मोड बदलतो. काकांना एक कटिंग माझ्याकडून.

डाग_सोल्डरचा · १७ सप्टेंबर, रात्री १०:३०

काकांच्या उत्तराला जोडून बॅलन्सिंग. काल अर्धवट सोडलं होतं.

कारखान्यातून सगळे सेल सारखे निघाले तरी वर्षा-दोन वर्षांत गटागटांत फरक पडतो. मधले सेल जास्त तापतात, एखाद्याचा स्वतःहून गळण्याचा वेग जास्त असतो. हा फरक मिटवायला बीएमएसवर प्रत्येक गटासाठी एक छोटा रेझिस्टर असतो. जो गट ४.१५ च्या वगैरे पुढे गेला, त्यातला थोडा चार्ज या रेझिस्टरमध्ये जाळून टाकायचा, म्हणजे मागच्यांना गाठायला वेळ मिळतो. जाळून टाकायचा हे ऐकून लोक हळहळतात, पण स्वस्त आणि भरवशाचं हेच. जास्तीचा चार्ज कच्च्या गटात ओतणारे ॲक्टिव्ह बॅलन्सरही मिळतात, मोठ्या सोलर बँकेत त्यांना अर्थ आहे, सायकलीत फारसा नाही.

अडचण अशी की हा जाळण्याचा करंट असतो ५० मिलिअँपियरच्या आसपास. १० अँपियर-तासाच्या पॅकमध्ये एखादा गट ५ टक्के पुढे असेल, म्हणजे ०.५ अँपियर-तास, तर ते जाळायला सलग १० तास लागतात. आणि हे काम फक्त वरच्या टोकाला चालतं. '८० टक्क्यांवरच काढा' हा सल्ला एनएमसी सेलांच्या आयुष्यासाठी खरा आहे, पण कायम ८० वरच काढणाऱ्याच्या पॅकचं बॅलन्सिंग कधी होतच नाही. मी गिऱ्हाइकांना सांगतो, रोज ८०-९० ठीक, महिन्यातून एकदा पूर्ण भरा आणि दिवा हिरवा झाल्यावरही दिवसाउजेडी चार-पाच तास राहू द्या. दिवसाउजेडी हा शब्द मुद्दाम वापरलाय.

लॅपटॉपची शाल · १८ सप्टेंबर, सकाळी ८:५०

लॅपटॉपबद्दल विचारतेच. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल एका ओळखीच्या मुलाने बदलून दिले. सेल नवे, व्होल्टेज बरोबर, तरी लॅपटॉप म्हणतो 'बॅटरी बदला'. असं का?

डाग_सोल्डरचा · १८ सप्टेंबर, सकाळी १०:१०

लॅपटॉपच्या बॅटरीतला बोर्ड सायकलवाल्यापेक्षा कितीतरी हुशार असतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात इंटेल आणि ड्युरासेलने मिळून 'स्मार्ट बॅटरी'चा आराखडा ठरवला. त्यानुसार बॅटरी दोन वायरींवरून लॅपटॉपशी बोलते: माझी मूळ क्षमता एवढी, आताची एवढी, इतक्यांदा चार्ज झाले, आता एवढ्या व्होल्टने चार्ज कर. हे सगळं आतल्या चिपच्या स्मरणात असतं. सेल बदलले तरी चिप जुनीच वही वाचते. त्यातून सेल काढताना वीज क्षणभर तुटली किंवा वायरी चुकीच्या क्रमाने सुटल्या, तर चिप 'कायमचा बिघाड' अशी नोंद करते.

काही पॅकमध्ये याहून पुढची सोय असते. तीन पायांचा एक फ्यूज, आत हीटर. चिपला खात्री पटली की मॉसफेट ऐकत नाहीये, तर ती तो हीटर पेटवून फ्यूज स्वतःच वितळवते. मग तो पॅक संपला, सॉफ्टवेअरने परत येत नाही. सुरक्षेच्या बाजूने हे योग्यच आहे. पण सेल बदलायचा अधिकृत मार्गच न ठेवणं याला मी सुरक्षा म्हणणार नाही. इथे नाथभाऊंच्या बाजूने.

जुगाडनाथ · १८ सप्टेंबर, सकाळी १०:१४

नोंद घेतली आहे. फ्रेम करून लावतो.

पेशवाईतला प्रवासी · १८ सप्टेंबर, दुपारी १२:३०

एवढं सगळं बीएमएस बघतो तर मग गाड्या पेटतात कशा? मार्च २०२२ मध्ये लोहगावात भर रस्त्यात स्कूटर पेटली होती, तो व्हिडिओ अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हापासून घरी विषय काढला की बायको हात जोडते.

निवृत्त_वीजवाला · १८ सप्टेंबर, दुपारी २:००

कोणत्या एका घटनेवर बोलत नाही. सर्वसाधारण सांगतो. बीएमएसला सेलाच्या बाहेरचं दिसतं. सेलाच्या आत पडदा फाटला, धातूचा कण राहून गेला, तर त्या शॉर्टचा करंट आतल्या आतच फिरतो, तो मॉसफेटमधून जातच नाही. मग मॉसफेट बंद करून उपयोग काय? २०१६ मध्ये गॅलक्सी नोट ७ परत घ्यावे लागले, तेव्हाही दोष सेलांच्या आतल्या बांधणीत निघाला. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ च्या बॅटऱ्या बोस्टनला आणि जपानमध्ये जळाल्या, त्यांच्यावर तर विमानाच्या दर्जाची देखरेख होती.

म्हणून एक सेल पेटला तरी शेजारचा पेटू नये, अशी पॅकची बांधणी लागते. २०२२ च्या आगींनंतर दुचाकींच्या बॅटरीसाठीचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं. त्यातली दुरुस्ती दोन टप्प्यांत लागू झाली, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अखेर. एका सेलाची आग पसरते का याची चाचणी, आत वायू साठला तर बाहेर पडायची वाट, पाण्यात बुडवून चाचणी, धोक्याची सूचना देणारा आवाज-दिवा, असं बरंच त्यात आलं. या मानकांचं काम आपल्या पुण्यातल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेतूनच चालतं.

कृष्णाकाठ, तुमची सायकल मात्र २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली असेल तर ती कायद्याने मोटारवाहनच नाही, त्यामुळे हे मानक तिला बंधनकारक नाही. पॅक कोणी बांधलाय हे तिथे तुम्हालाच विचारावं लागतं.

कृष्णाकाठ · २१ सप्टेंबर, रात्री ८:२०

अपडेट. इथल्या एका मोबाइल-रिपेअरवाल्याकडे पॅक उघडला. मी शेजारी बसून कनेक्टरच्या चौदा वायरींवर एकेक गट मोजला, हातातली अंगठी आणि घड्याळ काढून. बारा गट ३.१० ते ३.१८ मध्ये. सातवा गट १.३४! फ्यूज शाबूत. सातव्या गटाच्या चार सेलांपैकी एकाच्या डोक्यावर हिरवट गंज आहे, निकेल पट्टीवरही डाग.

हिरव्या दिव्याचं कोडंही विचारायचं राहिलं. डिस्चार्जच बंद होता तर चार्जिंग व्हायला हवं होतं ना?

डाग_सोल्डरचा · २१ सप्टेंबर, रात्री ९:१०

मी वर नाथभाऊंना १.३ चं उदाहरण दिलं, ते तुमच्याकडे खरंच निघालं, वा!

हिरवा दिवा: गट फारच खाली गेला की बरेच बीएमएस चार्जिंगची रांगही बंद ठेवतात. तांब्याचं वर लिहिलंय, त्याच भीतीने. करंट जात नाही, म्हणून चार्जरला वाटतं काम झालं. याउलट नुसता रिकामा झालेला पॅक असता तर चार्जर लावताच उठला असता. थोडक्यात तुमच्या बोर्डाने बरोबर तेच केलं.

निदान असं. बीएमएस आणि डिस्प्लेने वीज खाऊन पॅक संपवला असता तर सगळे गट सारखेच उतरले असते. तसंही होतं बरं का. ब्लूटूथवाला बोर्ड ५ मिलिअँपियर खात असेल तर ९० दिवसांत १०.८ अँपियर-तास, म्हणजे तुमचा अख्खा पॅक. साधा बोर्ड ५० मायक्रोअँपियरवर चालतो, तो तेवढ्याच दिवसांत ०.१ च्या आसपास खाईल. पण तुमच्याकडे एकच गट खाली आहे. गंजलेला सेल गळतोय आणि समांतर असल्यामुळे शेजारच्या तिघांनाही स्वतःबरोबर खाली ओढतोय. पाणी किंवा दमट हवा आत गेली असणार.

सातव्या गटाचे चारही सेल काढून टाका, एकच बदलू नका. नवेकोरे जास्त क्षमतेचे सेलही नकोत. उरलेले बारा गट आता साधारण किती क्षमतेचे आहेत ते मोजून त्याच्या जवळपासचे, एकाच लॉटमधले चार घ्या. जोडणी स्पॉट वेल्डिंगनेच. सोल्डरिंगची उष्णता सेलाच्या आतल्या पडद्याला मानवत नाही, माझा आयडी काहीही असला तरी. नवा गट जोडायच्या आधी बाकीच्यांइतक्याच व्होल्टवर आणा. बॅलन्स वायरी (त्या चौदा बारीक) सोडताना-जोडताना क्रम पाळा आणि फोटो काढून ठेवा. नंतर झाकणाचं रबर बदला.

आणि पुढच्या पावसाळ्यात पॅक निम्मा भरून ठेवा. तेरा गटांना ४८-४९ व्होल्ट म्हणजे निम्म्याच्या आसपास. महिन्यातून एकदा मीटर लावा.

कृष्णाकाठ · २१ सप्टेंबर, रात्री ९:३५

खूप खूप आभार. दुकानदाराने सांगितलेल्या किमतीच्या मानाने चार सेल म्हणजे काहीच नाही. काढलेल्या सेलांचं काय करू? भंगारवाला घेतो म्हणतोय.

निवृत्त_वीजवाला · २१ सप्टेंबर, रात्री १०:०५

भंगारात नको, घंटागाडीतही नको. कचऱ्यात दाबला गेला की तिथेच पेट घेतो. टोकांना चिकटपट्टी लावा, प्रत्येक सेल वेगळा गुंडाळा, पत्र्याच्या डब्यात वाळूत ठेवा आणि अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा नवीन सेल जिथून घ्याल तिथेही हक्काने विचारा.

इझारकाठ · २२ सप्टेंबर, दुपारी १:१५

वाखुसा (वाचनखूण साठवली). शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. डिसेंबरमध्ये पुण्याला येतेय. विमानात २०,००० मिलिअँपियर-तासाची पॉवर बँक चालते का? त्यावर वॅट-तास लिहिलेलेच नाहीत.

डाग_सोल्डरचा · २२ सप्टेंबर, दुपारी २:४०

मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. पॉवर बँकेवरचा आकडा आतल्या सेलाच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, बाहेरच्या ५ वर नाही. २० अँपियर-तास गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॅट-तास, चालेल. २७,००० ची असती तर ९९.९ झाले असते, ती अगदी काठावर. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाही. आकडा छापलेला नसेल तर सुरक्षा तपासणीत अडवू शकतात, तेव्हा वॅट-तास छापलेलीच घेतलेली बरी.